लांब बाह्यांची शिवम्मा

शुक्रवार पेठेत नर्सांना खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. धोंडुबाईनं दिली, ती काही मनाच्या मोठेपणानं नव्हे. तिच्या परसातल्या खोलीला गोठ्याचा वास यायचा आणि तिथं दुसरं बिऱ्हाड टिकत नव्हतं. पण दिली ती दिली, वर डोळाही ठेवला. परसाची वाट तिच्या स्वयंपाकघराच्या दारावरून जायची. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या हातात काय होतं, हे तिला भाकरी थापता थापता दिसायचं, आणि जे दिसत नसे ते ती मनाशी ठरवून टाकायची.

खोलीत दोघी राहायच्या. थोरली शिवम्मा, चाळिशीला टेकलेली, उंच, सावळी, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. धाकटी श्यामला, त्र्यंबक मास्तरांची मुलगी. अठ्ठेचाळीस सालच्या जाळपोळीत मास्तरांचं घर गेलं, पाठोपाठ शाळा सुटली, आणि ते सांगलीला भावाच्या दारात जाऊन राहिले. नर्सिंगला गेलं की शिकतानाच राहायला जागा आणि पोटाला अन्न मिळतं, एवढंच बघून श्यामला तिकडं वळली. नातेवाइकांनी तोंडं फिरवली. परक्या पुरुषांची अंगं पुसणारी मुलगी म्हणजे गेलीच हातची, असं त्यांचं म्हणणं.

या दोघी गंगावेशीकडच्या एका धर्मार्थ इस्पितळात होत्या. श्यामला शिवम्माला अक्का म्हणायची आणि शिवम्मा तिला तंगी, म्हणजे कानडीत धाकटी बहीण.

धोंडुबाईला पहिला संशय आला तो पोलक्यावरून. माघ सरला होता, ऊन तापायला लागलं होतं, आणि शिवम्मा मात्र मनगटापर्यंत बाह्यांची पोलकी घालून हिंडत होती. एके दिवशी धुणं वाळत घालताना धोंडुबाईनं श्यामलाला गाठलं.

"असल्या उन्हात मनगटापतूर बाह्या कशापायी वो घालती ती? आंगावर कुणाच्या तरी हाताचं वळ असतील. दुसरं काय असतंय?"

श्यामलानं झटकून टाकलं. पण धोंडुबाईचं बोलणं म्हणजे कुसळ. बाहेर काढलं म्हणेस्तोवर आत टोक राहिलेलं असायचं. दुपारची सुट्टी असली की अक्का खोलीला आतून कडी लावून पडते, हे श्यामलाच्या त्याच दिवशी ध्यानात आलं. आधीही ती कडी लावत असेलच. आता ती दिसायला लागली.

शिवम्माबद्दल असं मनात आणायचं म्हणजे पापच, कारण अख्ख्या इस्पितळात तिच्याइतका मान कुणाला नव्हता. ती गडहिंग्लजच्या पलीकडची, हिरण्यकेशीच्या काठच्या एका गावातली. लग्न पाळण्यातून उठल्यावर झालं आणि न्हाण यायच्या आत नवरा पटकीनं गेला. तिचा बाप वीरभद्र हा विलक्षण माणूस. गावानं नावं ठेवली, जंगमानं घरी यायचं बंद केलं, तरी त्यानं पोरीला बैलगाडीत घालून मिशनच्या दवाखान्यात नेऊन सोडलं. तिथं ती शिकली, आणि नंतर कोल्हापुरात आली. तिचा हात हलका होता. जखम बांधताना ती गुणगुणल्यासारखं कानडीत काहीतरी बोलायची, आणि शब्द न कळणारा माणूससुद्धा शांत व्हायचा. विषारी औषधांच्या कपाटाची किल्ली मोठ्या डॉक्टरांनी तिच्या कमरेला दिली होती. ते म्हणायचे, एक वेळ मी चुकेन, शिवम्मा चुकायची नाही. गोळ्या ती काढी, ती मोजी, त्या संपल्याचं ती सांगी. तिला कुणी विचारत नसे.

मग एके सकाळी हंबीरराव शिपाई घरी आला.

दारूबंदी लागून वर्ष होत आलं होतं. पेठेत कुणाच्या चालण्यात फरक पडला तरी लोकांना वास यायचा. कुणीतरी चौकीवर जाऊन सांगितलं होतं की धोंडुबाईच्या नर्सा इस्पितळातला स्पिरिट आणून पितात, थोरलीचे डोळे दिवसाढवळ्या झापडतात. कुणी सांगितलं हे धोंडुबाईच्या तोंडावर लिहिलेलं होतं, पण ती पदर खोचून सगळ्यांत पुढं उभी राहिली.

हंबीररावानं कोनाडे बघितले, अंथरुणं उलटली, पाण्याच्या घागरीला नाक लावलं. शिवम्मा भिंतीला टेकून उभी होती. तिनं स्वतःच ट्रंक उघडून दिली. वर लुगडी, खाली विभूतीचा डबा, आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेली एक लांबट डबी. हंबीररावानं ती उघडली. आत काचेची पिचकारी आणि दोन सुया.

"ह्ये काय?"

"सुई," शिवम्मा म्हणाली. "नर्सच्या घरी दुसरं काय घावणार पावणं? नांगर?"

हंबीरराव हसला. त्याच्या बायकोचं बाळंतपण शिवम्मानंच केलं होतं. तो डबी ठेवून, धोंडुबाईकडं एक नजर टाकून निघून गेला. गल्लीत उभे राहिलेले लोक हिरमुसून पांगले.

श्यामला मात्र जागची हलली नाही. पिचकाऱ्या घरी न्यायच्या नाहीत, हे तिला शिवम्मानंच पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. पिचकारी इस्पितळात उकळायची, तिथंच ठेवायची. मग ही कुणासाठी? पेठेत कुणाला सुई टोचायला अक्का गेल्याचं तिनं कधी बघितलं नव्हतं. तिनं अक्काकडं बघितलं. अक्का लुगडी पुन्हा घडी घालून ठेवत होती आणि घडी काही केल्या नीट बसत नव्हती.

त्या दिवसापासून श्यामलाचं शिवम्माकडं बघणंच बदललं. अक्का जेवणाच्या ताटावर नुसती बसते. सारखं नाक खाजवते. कधी बोलायला लागली की मायेनं बोलत राहते, आणि कधी नुसत्या जांभयांवर जांभया, कपाळाला घाम, बोलण्यात कडवटपणा. आणि तिच्या डोळ्यांतली बाहुली. परसात भर उजेडात तर सगळ्यांचीच लहान होते, पण अंधाऱ्या खोलीतसुद्धा ती टाचणीच्या डोक्याएवढीच राहायची. हे लक्षण श्यामलानं परीक्षेत लिहिलं होतं. लिहिताना तिच्या डोळ्यांपुढं अफूबाज म्हातारे होते, रस्त्यावर पडलेले. नर्स नव्हती. तिनं तो विचार दूर लोटला आणि धोंडुबाईचाच धरला. अक्काचा कुणीतरी असेल. तिला तेच जास्त सोसण्यासारखं वाटलं, याची पुढं तिला लाज वाटायची.

फाल्गुनात बायकांच्या वॉर्डात चिमणाबाई आली. वडणग्याच्या गुऱ्हाळावर काहिलीतला उकळता रस कलंडला आणि तिचे दोन्ही पाय मांड्यांपर्यंत भाजले. नवरा गुंडू तिला गाडीत केळीच्या पानांवर निजवून घेऊन आला होता. दररोज सकाळी पट्ट्या बदलायच्या, आणि त्याआधी मॉर्फियाची सुई द्यायची असा डॉक्टरांचा हुकूम होता. तेव्हा बारीक गोळी मिळायची. ती उकळलेल्या पाण्यात विरघळवायची आणि टोचायची. ते काम शिवम्माचं. शिवम्मा सुट्टीवर असली तर किल्ली श्यामलाकडं यायची.

चिमणाबाई पट्टी काढताना असं ओरडायची की पुरुषांच्या वॉर्डातले रोगी उठून बसत. डॉक्टर म्हणाले, खेड्यातल्या बायकांना सोसत नाही, आरडाओरडाच फार. एके दिवशी शिवम्मा नव्हती तेव्हा श्यामलानं सुई दिली. चिमणाबाई डोळे मिटून पडून राहिली, पट्ट्या निघाल्या, नव्या बसल्या, आणि ती एवढंच म्हणाली, पाणी दे गं. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिवम्मा, पुन्हा तोच टाहो.

चिमणाबाईनं श्यामलाचा हात धरला. "तुझी सुई लागती. त्या उंच बाईची लागत न्हाय."

श्यामला म्हणाली, सुई एकच असते, आणि हात सोडवून घेतला. चिमणाबाईनं मग डॉक्टरांना सांगितलं, झाडूवालीला सांगितलं, शेजारच्या खाटेला सांगितलं. डॉक्टर हसले. झाडूवाली म्हणाली, शिवम्माबाईसारख्या देवमाणसाला नावं ठेवशील तर पाय सडतील. सगळ्या वॉर्डात तिचं खरं धरलं ते एकट्या गुंडूनं, पण त्यानं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. पगारी माणूस काम नीट करत नाही म्हणजे त्याला काहीतरी हवं असतं, हे त्याला जन्मापासून ठाऊक होतं. त्यानं घरून गुळाची ढेप आणली, पिवळीजर्द, आणि वॉर्डाच्या दारात शिवम्माच्या पायांपाशी ठेवून हात जोडले.

"बाई, गरिबाची एवढी घ्या. पर माझ्या बायकूला चांगली सुई द्या की."

श्यामला तेव्हा दोन पावलांवर होती. शिवम्माचं तोंड राखेसारखं झालं. तिनं ढेप उचलून गुंडूच्या हातात परत दिली आणि आत निघून गेली. थोड्या वेळानं तिनं चिमणाबाईला सुई दिली, आणि त्या दिवशी चिमणाबाई ओरडली नाही. श्यामलाला वाटलं, संपलं. आपलाच भ्रम. पण दोन दिवसांनी टाहो पुन्हा सुरू झाला, आणि मग मात्र ती औषधांच्या खोलीतल्या पडद्याआड मुद्दाम जाऊन उभी राहिली. शिवम्मानं कपाट उघडलं, नळीतून गोळी काढली आणि पोलक्याच्या बाहीत सारली. मग पिचकारीत नुसतं पाणी ओढलं आणि शांत चालीनं चिमणाबाईच्या खाटेकडं गेली. जाताना ती तेच कानडीतलं गुणगुणत होती.

श्यामला तिथंच स्टुलावर बसली. आपल्याला राग आला आहे की भीती वाटते आहे, हे तिला कळेना. कुणाला सांगायचं? सांगितलं तर खरं कोण मानणार? तिनं ठरवलं की आधी अक्काशी बोलायचं. पण तेवढी फुरसत मिळाली नाही. त्याच दिवशी दुपारी मोठ्या डॉक्टरांनी तिला खोलीत बोलावलं. कंपाउंडरनं त्यांना सांगितलं होतं की मॉर्फियाच्या नळ्या मागवतो न मागवतो तोच संपतात.

डॉक्टर तिच्याकडं न बघता बोलत होते. ती नवी. घरची परिस्थिती त्यांना माहीत होती. बाहेर अशा गोळ्यांना गिऱ्हाईक असतं, हेही त्यांना माहीत होतं.

"किल्ली दोघींच्याच हातात असते," ते म्हणाले. "शिवम्मांवर मी माझ्या आईइतका विश्वास टाकतो. मग उरलं कोण, ते तूच सांग."

नाव तिच्या जिभेवर आलं होतं. पण ते घेतलं असतं तर ती चोर तर ठरलीच असती, वर देवमाणसावर आळ घेणारी. ती म्हणाली, मी नाही घेतल्या. डॉक्टर म्हणाले, चौकशी होईपर्यंत उद्यापासून येऊ नकोस. बाहेर आली तेव्हा व्हरांड्यातल्या बायका बोलायच्या थांबल्या. झाडूवालीनं तिला जायला नको तेवढी वाट करून दिली.

खोलीवर शिवम्मा चुलीपुढं बसली होती. श्यामलानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, पडद्याआडून काय दिसलं, चिमणाबाई काय म्हणते. शिवम्मा जाळ सारत राहिली. श्यामलाला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर रागावेल, नाहीतर साफ नाही म्हणेल. तिनं यातलं काहीच केलं नाही. म्हणाली, जेवून घे तंगी. भाकरीवर लोणी घालून तिनं ताट पुढं केलं. श्यामलानं ते बाजूला सरकवलं. ही बाई आपल्याला खुशाल बुडू देणार, असं तिला त्या क्षणी पक्कं वाटलं.

सकाळी जाग आली तेव्हा शिवम्मा नव्हती. खुंटीवरची पिशवी नव्हती. धोंडुबाई दारात उभीच होती. पहाटेच गेली म्हणाली, तोंड झाकून, म्हणजे ज्यानं बाह्या घालायला लावल्या त्याच्याकडंच गेली असेल. श्यामला चपला न घालता इस्पितळात धावली. तिला पळालेलीचा माग काढायचा होता, दुसरं काही नाही.

मोठे डॉक्टर खोलीत एकटे बसले होते. टेबलावर विषाच्या कपाटाची किल्ली आणि ती लांबट डबी. त्यांनी श्यामलाला बसायला सांगितलं, जे त्यांनी कधी केलं नव्हतं. शिवम्मा उजाडताच त्यांच्या घरी गेली होती. तिनं दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत वर केल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं डॉक्टरकी केली, असे दंड बघितले नव्हते. टोचायला जागा नाही. गळवं होऊन बसलेली, जुन्यावर नवी.

दोन वर्षांपूर्वी शिवम्माच्या पित्ताशयात खडे झाले होते. ऑपरेशन याच डॉक्टरांनी केलं होतं. नंतर दुखणं राहिलं, आणि कळ आली की मॉर्फिया देत चला, असं त्यांनीच सांगितलं होतं. कळा थांबल्यावर सुई थांबली की नाही, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. शिवम्माच ती, तिला काय विचारायचं. हे सांगताना ते किल्ली बोटांत फिरवत होते. शेवटी म्हणाले, पोलिसांत हे जायचं नाही. इस्पितळाचं नाव जाईल. तिला माहेरी ने, तिथं सुटेल ते सुटू दे, आणि तू तिच्याजवळ राहा. परत आलीस की कामावर ये म्हणाले, पण श्यामलाची माफी त्यांनी मागितली नाही.

शिवम्मा मागच्या पायरीवर बसली होती. श्यामलाला बघून म्हणाली, "तुझं काय वाकडं व्हऊ देणार न्हवतो तंगी. निस्ती रातभर धीर गोळा करत व्हतो."

गडहिंग्लजच्या एसटीत ती खिडकीला डोकं लावून बसली आणि संकेश्वरपर्यंत तिला कापरं भरलं. घरी पोचली तेव्हा ओकाऱ्या सुरू झाल्या होत्या. तिचा भाऊ गुरुसिद्ध पानमळा करायचा. बाप वारला होता. बहिणीनं घरादाराला वर काढलं असं तो चारचौघांत सांगायचा, पण शहरातली कमावती बहीण न सांगता दारात उतरली, आल्या आल्या ओकायला लागली, आणि बरोबर एक परकी पोर, हे बघून त्याचं आणि त्याच्या बायकोचं तोंड उतरलं. ती दोघं कानडीत कुजबुजली. श्यामलाला शब्द कळले नाहीत, पण वहिनीची नजर शिवम्माच्या पोटावर गेली ती तिनं बघितली. दुसऱ्या दिवशी वहिनी शेजारच्या सुईणीला घेऊन आली. सुईण बोलता बोलता शिवम्माच्या अंथरुणाशी बसली आणि तिनं पोटाकडं हात नेला.

शिवम्मा घामानं थबथबली होती. पायांत गोळे येत होते, नाक-डोळे वाहत होते. तरी तिनं तो हात मनगटाशी धरला. गुरुसिद्ध उंबऱ्यात पाठ करून उभा होता. त्याला ऐकू जाईल अशा बेतानं ती मराठीत बोलली, श्यामलालाही कळावं म्हणून असेल.

"पोटात काय न्हाय. दंडात हाय."

आणि तिनं बाही वर केली. सुईण मागं सरकली. गुरुसिद्ध वळला. दंडाकडं बघत तो हळूहळू खाली बसला. शिवम्मानं सगळं सांगितलं. कसली गोळी, कुठून, कुणाच्या वाटणीची. तो ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत होता.

"म्हंजी अफू," तो शेवटी म्हणाला. "आपल्या आज्जानं जलमभर खाल्ली की. येवढंच व्हय?"

त्याला हायसं वाटलं होतं. बहीण बाटली नव्हती, बाकी काहीही चालणार होतं. श्यामलाला हसावं की रडावं कळेना. शिवम्मा मात्र भिंतीकडं तोंड करून पडली. आपण इतक्या जिवानं जे उघडं केलं ते या घरात काहीच नव्हतं.

हायसं वाटण्यातच खरा धोका होता. वहिनी मायाळू होती. शेतात काम करणाऱ्या सगळ्या बायांसारखी तीही तान्ह्याला मोहरीएवढी अफू चाटवून निजवायची, आणि तिची डबी फडताळात असायची. नणंद तळमळते हे तिला बघवेना. बाळाला चालते ती मोठ्याला का चालू नये, असं ती श्यामलाला दोनदा म्हणाली. श्यामलानं डबी लपवायला सांगितली. वहिनीनं मान हलवली आणि डबी आहे तिथंच ठेवली.

मग एका दुपारी श्यामला विहिरीवरून घागर घेऊन आली तर शिवम्मा अंथरुणात नव्हती. ती फडताळापाशी बसली होती. हातात डबी. श्यामलाच्या कमरेवरची घागर घसरून पाणी सांडलं. इतके दिवस जे मनात साचलं होतं ते सगळं तिच्या तोंडावर आलं असणार, कारण शिवम्मानं डबी पुढं केली.

"उघडली न्हाय. झाकण बघ. वास घे." तिनं डबी श्यामलाच्या नाकाशी धरली. "पर माझ्यावर इस्वास ठिवू नगंस. आज न्हाई उघडली, उद्या उघडीन. समद्यांनी इस्वास टाकला माझ्यावर, किल्ली दिली, कुणी इचारलंच न्हाय. तू इचारत जा. माझी ट्रंक बघत जा, दंड बघत जा, डोळं बघत जा. मी रागावलो तरी बघ."

श्यामलानं डबी घेतली आणि सरळ नेऊन हिरण्यकेशीत टाकली. वहिनी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. आणि त्या दुपारपासून श्यामलानं शिवम्माच्या शब्दाला मान दिला. ती रोज ट्रंक उघडायची, उशी चाचपायची, शिवम्मा परसाकडं गेली तरी दाराशी उभी राहायची. शिवम्मा कधी शिव्या द्यायची, कधी पाया पडायची, कधी म्हणायची, तू माझ्या कुठल्या जन्माची वैरीण. हळूहळू ती जेवायला लागली. वैशाखाच्या अखेरीला तिला सबंध झोप लागली, तेव्हा श्यामला कोल्हापूरला परत आली.

परत आली तेव्हा गोष्ट तिच्या आधी पोचली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की शिवम्मा आजारी पडून माहेरी गेली. पण भिंतींनाही तोंडं असतात. पेठेत आता नर्सा दारू पितात असं कुणी म्हणत नव्हतं. नर्सा रोग्याच्या वाटणीचं औषध स्वतःला टोचून घेतात, असं म्हणत होते, आणि सगळ्याच टोचून घेतात. जी कालपर्यंत देवमाणूस होती तिच्याबद्दल लोक म्हणाले, आम्हाला तिचे डोळे पहिल्यापासूनच बरे वाटत नव्हते. इस्पितळात रोग्यांचे नातेवाईक श्यामलाला अडवायचे. आधी हात दाखवा बाई, मग सुई द्या. तिनं पोलक्याच्या बाह्या कापून खांद्याशी आणल्या. तरी एक सासू म्हणाली, ही पायात टोचत असंल. धोंडुबाईनं मात्र खोली काढून घेतली नाही. पुरुष नाही, दारू नाही, मग भाड्यानं द्यायला हरकत काय, असं तिचं गणित होतं. फक्त आपल्या नातवाला ताप आला तेव्हा तिनं श्यामलाला हात लावू दिला नाही.

शिवम्मा पुन्हा नर्स झाली नाही. गावातच राहिली, बाळंतपणं करू लागली, सुईला हात लावायचा नाही या अटीवर. ती अट तिनं एकदा मोडली. त्रेपन्न साली गडहिंग्लजच्या एका दवाखान्यात बाळंतिणीला घेऊन गेली आणि येताना दोन गोळ्या घेऊन आली. भावाला कळलं नाही. श्यामला दिवाळीला गेली तेव्हा तिनं उंबऱ्यातच तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि शिवम्मानं मान खाली घातली. पुन्हा सगळं पहिल्यापासून. त्यानंतर मात्र नाही, निदान श्यामलाला सापडलं नाही.

छप्पन्न सालच्या थंडीत शिवम्मा कोल्हापूरला आली आणि म्हणाली, वडणग्याला जायचं आहे. इतकी वर्षं का थांबलात, असं श्यामलानं विचारलं. ती म्हणाली, आधी गेलो असतो आणि मागनं पुन्हा घसरलो असतो तर त्या बाईपुढं दुसऱ्यांदा खोटी ठरलो असतो.

गुऱ्हाळ चालू होतं. गुंडू चुलवणात चिपाडं सारत होता. त्यानं ओळखलं नाही. चिमणाबाई थोडी लंगडत होती, नडग्यांवरची कातडी आवळून चकचकीत झाली होती. तिनं मात्र लांबूनच ओळखलं आणि हातातला झारा काहिलीच्या कडेला टेकवून उभी राहिली.

शिवम्मानं उभ्या उभ्या सांगितलं. पाणी टोचत होतो. तुमच्या वाटणीची गोळी मी घेत होतो.

"मला ठावं व्हतं," चिमणाबाई म्हणाली. "आयकलं कुनी न्हाय."

श्यामला खाली बघत होती. न ऐकणाऱ्यांत तीही होती. चिमणाबाईनं तिच्याकडं बघितलं नाही. ती शिवम्माचं तोंड निरखत होती.

"ती सुई घेतली की तुला बरं वाटायचं?"

"व्हय."

"मला न्हाय वाटलं," चिमणाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि दुसरंही काही नव्हतं. रस वर येत होता. तिनं झारा उचलून मळी काढायला सुरुवात केली. शिवम्मा थोडा वेळ तिथंच थांबली, काही बोलणं येतं का बघत. मग त्या दोघी बांधावरून रस्त्याकडं चालू लागल्या. मागून गुंडूनं बायकोला विचारलं, कोण होत्या त्या. चिमणाबाईनं काय सांगितलं ते चुलवणाच्या आवाजात त्यांना ऐकू आलं नाही.